पैनगंगेच्या दोन काठांचा हिशेब



पांढरकवड्याच्या बाजूला सीमेलगतच्या एका गावात बैठक होती. कापसाच्या भावावर माझे बोलणे चालले होते. आयात, गाठी, सरकी, रुई असे नेहमीचे सगळे. मध्येच एक तरुण उभा राहिला. म्हणाला, "साहेब, भावाचं राहू द्या. आमचं गाव तेलंगणात टाका म्हणून मोर्चा काढा ना. तिकडच्या कास्तकाराले एकरामागं पैसे भेटते. लाइन चोवीस घंटे राह्यते. अन् मेला तं बायकोले पाच लाख भेटते. इथं काय भेटते?" बैठकीत माझ्या भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्याला पडल्या.

त्या वेळी मी त्याला थातुरमातुर उत्तर दिले. घरी येताना ते मलाच पटेना. या अंकात त्याच्याशी सरळ हिशेबाने बोलावे असे ठरवले आहे.

प्रश्न त्या एकट्या पोराचा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद आणि बिलोली तालुक्यांतल्या गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या, अशी मागणी मागेच केली. तेलंगणचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव ५ फेब्रुवारी २०२३ रोजी नांदेडला सभा घ्यायला आले ते हीच नाडी ओळखून. त्याच वर्षी डिसेंबरात ते स्वतःच्या राज्यात हरले आणि महाराष्ट्रात लावलेले त्यांचे फलक वाऱ्याने फाटले. फलक फाटले, पण लोकांच्या मनातला प्रश्न गेला नाही.

पहिली गोष्ट अशी की ही रेघ देवाने आखलेली नाही. पैनगंगा ही वऱ्हाड आणि निजामी मुलूख यांच्यातली जुनी हद्द खरी. पण आज आपले असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचना झाली आणि ते इकडे आले. आदिलाबादच्या बाजारात आजही मराठी चालते. नाती तर नदी विचारून कोणी जोडलीच नाहीत. काळी जमीन तीच, पाऊस तोच, बोंडअळी तीच. दोन राज्यांची तुलना करायला यापेक्षा चांगले प्रक्षेत्र कृषी विद्यापीठालाही मिळायचे नाही. माती आणि हवामान सारखे असले म्हणजे जो फरक उरतो तो सरकारचा.

तो फरक मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आठवीत होतो. १९९४ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. १९७१ चा कायदा, १९७२ पासून अंमल. आपल्या वावरातला कापूस सरकारलाच विकायचा, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. केंद्रावर बंड्यांची रांग दोन-दोन दिवस. मग ग्रेडर यायचा, चांगल्या कापसात हात घालून नाक मुरडायचा. भांडवल निधी म्हणून ३ टक्के कापून घ्यायचे. सोसायटीचे कर्ज आधी वळते व्हायचे आणि उरलेल्याचा चुकारा कधी, ते सांगणारा कोणी भेटायचा नाही. नदीपलीकडे आदिलाबादला व्यापारी रोख मोजत होता आणि भावही बरा होता. म्हणून माझ्या वडिलांनी एका रात्री बंडी जुंपली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या. आवाज नको म्हणून मला पुढे चालायला सांगितले. नदीच्या उताराशी पाणी गुडघाभर होते, थंडीने पाय बधिर झाले होते. स्वतःच्या शेतात स्वतःच्या घामाने पिकवलेला कापूस घेऊन माझा बाप चोरासारखा नदी उतरत होता. येताना नाक्यावर एकाने अडवले, त्याला काही नोटा दिल्या. वडील त्या रात्रीबद्दल पुढे कधी बोलले नाहीत. मी मात्र कृषी पदवीच्या चार वर्षांत जे शिकलो त्यापेक्षा जास्त अर्थशास्त्र त्या उतारावर शिकलो.

या कथेला एक शेपूट आहे. ते न सांगणे लबाडी होईल. पुढे नव्वदीच्या शेवटी जगातले भाव पडले आणि योजनेचा भाव बाजारापेक्षा वर राहिला. मग गंगा उलटी वाहू लागली. परराज्यातला कापूस व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून आपल्या केंद्रांवर आला, तो बहुतेक आपल्यापैकीच कोणाच्या तरी नावावर. योजना तोट्याच्या गाळात रुतली आणि २००२ नंतर तिचा एकाधिकार संपला. कापसाला राज्य नसते, तो भावाकडे जातो. माणसाचेही तसेच असते का, एवढाच त्या पोराचा प्रश्न होता.

आता त्याचा हिशेब घेऊ. तेलंगणात मे २०१८ पासून रयतु बंधू योजना आली. सुरुवातीला दर हंगामाला एकरी ४,००० रुपये, पुढल्या वर्षापासून ५,०००. सरकार बदलल्यावर नाव रयतु भरोसा झाले आणि २६ जानेवारी २०२५ पासून एकरी वर्षाला १२,००० ठरले. पाच एकरवाल्याला वर्षाचे ६०,०००, आणि केंद्राचे पंतप्रधान किसानचे ६,००० वेगळे. एकूण ६६,०००. आपल्याकडे केंद्राचे तेच ६,००० आणि २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मानचे ६,०००, म्हणजे १२,०००. तेही कुटुंबामागे, एकरामागे नव्हे. फरक झाला ५४,००० रुपयांचा. पाच एकर कोरडवाहू कास्तकाराच्या घरात ५४,००० म्हणजे पोरीचे कॉलेज आहे, सावकाराचे तोंड न पाहता झालेली पेरणी आहे. याला 'भीक' म्हणून उडवून लावणारे आपल्यातले जुने कार्यकर्ते आहेत. त्यांनी पाच एकरात एक वर्ष काढून मग बोलावे.

विजेचेही तसेच. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीपंपाला चोवीस तास फुकट वीज आहे. आपल्याकडे एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ झाले. बिल माफ झाले, पण रात्रीची पाळी माफ झाली नाही. रात्री दोनला मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला बिलाची नव्हे, पायाखालच्या सापाची काळजी असते. अर्थात ज्याच्या वावरात विहीरच नाही त्याला दोन्ही राज्यांची वीज सारखीच उपयोगाची. कोरडवाहूंच्या सभेत विजेवर किती वेळ घालवायचा, हेही कधीतरी ठरवले पाहिजे.

पण त्या पोराच्या तीन मुद्द्यांपैकी मला झोप लागू दिली नाही ती तिसऱ्याने. ऑगस्ट २०१८ पासून तेलंगणात रयतु बीमा आहे. १८ ते ५९ वयाचा खातेदार शेतकरी कोणत्याही कारणाने मेला तर वारसाला ५ लाख रुपये. हप्ता सरकार भरते, विमा आयुर्विमा महामंडळाचा. ताप असो, अपघात असो, फास असो, कारण विचारत नाहीत. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत २ लाख मिळतात, पण मरण अपघाती पाहिजे. आणि आत्महत्या केली तर २००६ साली ठरलेली १ लाखाची मदत. ती मिळण्यासाठी मेलेल्या माणसाची परीक्षा होते. जमीन त्याच्या नावावर होती काय? कर्ज बँकेचे होते की सावकाराचे? वसुलीचा तगादा होता काय? दारू पीत होता काय? मग समिती बसते आणि प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरवते. पात्र ठरले तर ३०,००० हातात आणि ७०,००० बँकेत ठेव.

एका बाईंसोबत मी त्या कार्यालयाच्या सहा चकरा मारल्या. कोणते कार्यालय ते लिहीत नाही, तसली सगळ्या जिल्ह्यांत आहेत. नवरा गेला तेव्हा धाकटे पोर कडेवर होते. शेवटच्या चकरेला ते शाळेत जाऊ लागले होते. निकाल आला 'अपात्र', कारण सातबारा सासऱ्याच्या नावावर. बाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि विचारले, "भाऊ, म्हंजे ते कास्तकार नोहते काय?" वीस वर्षे त्या माणसाने डवरा धरला होता. मला उत्तर देता आले नाही.

म्हणून रयतु बीमा ही योजना मी विनाअट उचलून घ्या म्हणतो. खाली हात घालून उपकार म्हणून नव्हे, तर मरणाचे कारण विचारण्याचा अधिकार सरकारला नाही म्हणून. मात्र तिकडे असती तर त्या बाईंना पाच लाख मिळाले असते, असे जर कोणी समजत असेल तर तेही खरे नाही. तिकडेही विमा पट्टेदाराचा. सातबारा सासऱ्याचा असता तर तिकडेही हात हलवत परत यावे लागले असते. दोन्ही सरकारे कागद पाहतात, नांगर कोणाच्या हातात आहे ते पाहत नाहीत.

आणि इथेच तिकडच्या व्यवस्थेचे दुसरे अंग दिसू लागते. रयतु बंधूत बटाईने किंवा मक्त्याने वावर करणारा कौलदार कधीच बसला नाही. पेरणारा तो, कर्ज त्याचे, आणि एकरी पैसे हैदराबादला राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. वीस एकरवाल्याला वर्षाला लाख-दोन लाख आणि बिनजमिनीच्याला शून्य. आपल्याकडे निदान कुटुंबामागे सारखे आहे, कमी आहे पण सारखे आहे. मक्ता मात्र एकरी मदत आली की मालक वाढवतो, हा साधा बाजारनियम तिकडे कोणी रद्द केलेला नाही.

दुसरे, जे सरकार देते ते थांबवूही शकते. २०२४ च्या खरिपात तेलंगणच्या शेतकऱ्यांना एकरी हप्ता मिळालाच नाही. नवे सरकार नियम ठरवत बसले, पाऊस थांबला नाही. २०२५ च्या जूनमध्ये मात्र झपाट्याने वाटप झाले. पऱ्हाटीला खत जुलैत लागते आणि सरकारची दया निवडणुकीच्या कॅलेंडरवर चालते. २०२० च्या खरिपात तेलंगण पंतप्रधान पीक विमा योजनेतून बाहेर पडले, तेव्हापासून कित्येक हंगाम बोंडे सडली तरी भरपाई नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. आपल्याकडचा एक रुपयाचा विमा २०२३ ला आला आणि २०२५ ला गेला, त्याचेही कौतुक नको. पण 'तिकडे सगळे आहे' हे वाक्य तेवढे खरे नाही.

पाण्याचे तर विचारूच नका. कालेश्वरम प्रकल्पाचा मेडिगड्डा बांध गोदावरीवर २०१९ ला उभा राहिला. पाणी त्यांच्याकडे गेले आणि बांधाच्या फुगवट्याचे पाणी सिरोंच्यातल्या आपल्या शेतकऱ्यांच्या वावरात आले. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच बांधाचे खांब खचले. दोन सरकारांनी मिळून केलेल्या कामात दोन्हीकडच्या शेतकऱ्याला काय मिळते, याचा तो नमुना. आपल्या पैनगंगेवर चनाखा-कोरटाचा करार २०१६ ला झाला, त्यावर नजर ठेवा.

आता ज्वारीविषयी. माझा हा जुना आजार आहे, वाचकांनी सोसावा. आदिलाबादच्या गोंड, कोलाम गावांचे खाणे ज्वारीचे. १९८३ ला एन. टी. रामाराव यांनी दोन रुपये किलो तांदूळ सुरू केला आणि तेव्हापासून तिकडच्या प्रत्येक सरकारने ताटात भातच वाढला. २०२५ पासून तर रेशनवर बारीक तांदूळ, माणशी ६ किलो. गरिबाच्या पोटात अन्न गेले, त्याला माझे काही म्हणणे नाही. पण ज्या घरात फुकटचा भात शिजतो त्या घरी भाकरीची ज्वारी कोण पेरेल? ज्वारी गेली की कडबा जातो. कडबा गेला की बैल विकावा लागतो. बैल गेला की शेणखत संपते आणि काळ्या जमिनीचे ढेकूळ सिमेंटसारखे होते. आमच्याकडे तांदळाने नव्हे, सोयाबीनने तेच केले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात संकरित ज्वारीचे कणीस काळे पडते, व्यापारी ते पाहून अर्ध्या भावात मागतो, म्हणून आम्हीही ती सोडली. २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आहे. त्या भावाने काळी पडलेली ज्वारी विकून दाखवणारा माणूस दोन्ही काठांवर मला भेटलेला नाही. म्हणजे वाटा वेगळ्या, खड्डा एकच.

राहण्याचे ठिकाण म्हणून पाहिले तर आणखी एक गोष्ट आहे, ती सभेत कोणी मोठ्याने बोलत नाही. नदीच्या पलीकडचा बंजारा १९७६ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जमातीत आहे, अलीकडचा विमुक्त जातीत. एकाच तांड्यातून निघालेले दोन चुलतभाऊ, एकाच्या पोराला एक आरक्षण, दुसऱ्याच्या पोराला दुसरे. त्यावरून तिकडे २०१७ च्या डिसेंबरात आदिवासी आणि लंबाडा एकमेकांसमोर उभे ठाकले, ते लोण इकडे यायला वेळ लागत नाही. घोषणा देण्याआधी आपल्या गावातल्या गोंड-कोलाम भावाला विचारावे की, बाबा, नदी ओलांडली तर तुझे काय?

ज्यांना दोन्ही राज्यांचा अनुभव आहे असे लोक आपल्याच शेजारी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातली मुकादमगुडा, परंडोळी, महाराजगुडा, अंतापूर अशी १४ गावे. १९९७ ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती महाराष्ट्राची ठरली. पण तेलंगणने हात काढला नाही. दोन ग्रामपंचायती, दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे, दोन शाळा. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावे पुरती आपल्याकडे घेण्याचे जाहीर केले. ऐकणाऱ्याला वाटते, या लोकांची चंगळ आहे, दोन्हीकडून खातात. त्यांच्याकडे मुक्काम केला की वेगळे कळते. त्यातले पुष्कळ लोक मराठवाड्यातून दुष्काळात जगायला आलेले. जंगल तोडून वावरे केली, पिढी गेली, पण महाराष्ट्रात त्यांना पट्टा मिळत नाही, कारण वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी नसलेल्याला ७५ वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा पाहिजे. दुष्काळात निघालेला माणूस गाठोड्यात भाकरी बांधतो, पुरावा बांधत नाही. २०२३ ला तेलंगणने आदिलाबादच्या बाजूला पोडू जमिनीचे पट्टे वाटले, तेव्हा या गावांच्या माना तिकडे वळल्या. त्यांना तांदळापेक्षा, पेन्शनपेक्षा जमिनीचा कागद हवा होता. जो कागद देईल ते त्यांचे राज्य.

उलट बाजूही लिहितो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षरता ८२ टक्के होती, आजच्या तेलंगणच्या भागात ६६ टक्के. रोजगार हमी देशाला महाराष्ट्राने शिकवली, १९७२ च्या दुष्काळात. आत्महत्यांचे आकडे काढले तर २०१५ साली राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने शेतीतल्या आत्महत्या महाराष्ट्रात ४,२९१ आणि तेलंगणात १,४०० नोंदवल्या. आपला आकडा तिप्पट दिसतो, पण त्यांचे राज्यही आपल्याहून तेवढेच लहान आहे. पुढे त्यांचे आकडे खाली आले, आपले आले नाहीत. ते बिम्यामुळे, पाण्यामुळे की नोंदीमुळे, यावर वाद घालायला मी तयार आहे, पण आपले आकडे खाली आले नाहीत यावर वाद नाही.

आता त्या पोराशी शेवटचा हिशेब. पाच एकर, कोरडवाहू, एकरी पाच क्विंटल धर. पंचवीस क्विंटल. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० ठरला. पेरणी उरकल्यावर १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमके तेच महिने आपल्या घरात कापूस येण्याचे. सरकारी केंद्रावर ओलावा ८ ते १२ टक्के पाहिजे आणि दिवाळीपर्यंत पावसात भिजलेल्या कापसात तो कसा असणार? म्हणून खेडा खरेदीत ७,००० ला विकला असे धर. हमीभावाशी फरक २७,७५० रुपये. २०२२ च्या सुरुवातीला हाच कापूस १०,००० च्या वर गेला होता. त्या भावाशी फरक ७५,०००. म्हणजे तुझ्या ५४,००० पेक्षा जास्त. तसा भाव दरवर्षी राहत नाही, हे मला कळते. पण त्या वर्षी आपल्या बैठकीत एकानेही उठून तेलंगणात जाऊ म्हटले नव्हते, हे तुलाही आठवत असेल. शुल्क काढणारा हात मुंबईत नाही, हैदराबादलाही नाही. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी आदिलाबादचा कापूस पांढरकवड्याच्या कापसाइतकाच पडला.

मला विचारशील तर मी इथेच राहीन. पोरीची शाळा इथे आहे, भांडायची माणसे इथे आहेत आणि बापाने ज्या उतारावरून बंडी नेली तो माझ्या गावचा आहे. पण तू पलीकडे जमीन घेतलीस तर तुला मी नावे ठेवणार नाही. एक सांगतो, मोर्चा काढायचा तर रेघ हलवायला काढू नकोस. पाच लाखांचा विमा इकडे आणायला काढ. त्यात सातबाऱ्याची अट नको, कसणाऱ्याचे आणि त्याच्या बायकोचे नाव पाहिजे, एवढी तिकडच्यापेक्षा सुधारणा करून. त्या मोर्चात मी पुढे असेन.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांची सोयरीक किंवा वावर नदीपलीकडे आहे त्यांनी दोन्हीकडच्या काटापट्ट्या आणाव्यात. तारीख, ओलावा, कडता, हातात पडलेली रक्कम सगळे पाहिजे. ज्या बहिणींची प्रकरणे 'अपात्र' झाली आहेत त्यांनी निकालाच्या कागदाची झेरॉक्स आणावी. आणि त्या पोराने स्वतः यावे, त्याच्यासाठी बोलायला वेळ ठेवला आहे.